खाडीकाठचे शहर आणि दुचाकीची नाडी

पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकची डोंगररांग आणि या दोहोंच्या मध्ये सखल भूमीची एक लांबट पट्टी, अशी नवी मुंबईची ठेवण आहे. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर उभारावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी या नियोजनाखाली आली. यांतील बरीचशी जमीन मिठागरांची, भातखाचरांची आणि दलदलीची होती. भरतीच्या वेळी खाडीची पातळी काही वसाहतींहून वर चढते. म्हणूनच येथे धारण तलाव बांधलेले आहेत. भरती चढली की त्यांची दारे मिटतात, पावसाचे पाणी आत थांबते आणि ओहोटी लागली की ते खाडीकडे सोडले जाते. वरून पाऊस आणि खालून भरती, या दोहोंशी सलोखा राखून हे शहर नांदते.

या शहराशी व्यापारी कुटुंबांचे नाते बाजारामुळे जडले. १९७३ साली खाडीवर वाशीचा पूल झाला. पुढे ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी आणि फळे यांचे घाऊक बाजार मुंबईतून टप्प्याटप्प्याने येथे आले. मशीद बंदरच्या अरुंद गल्ल्यांत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांनी वाशी, सानपाडा, नेरूळ येथे घरे केली. १९९२ मध्ये लोकल गाडी वाशीपर्यंत आली. तरी स्थानकापासून सेक्टर, सेक्टरापासून गाळा आणि गाळ्यापासून गिऱ्हाईक ही अंतरे पायी तोडण्याजोगी नव्हती. त्यामुळे येथील व्यापाऱ्याच्या घरात दुचाकी ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. सकाळी नमुन्याच्या पुड्या पोहोचवणारी, दुपारी बँकेत जाणारी, सायंकाळी वसुलीला निघणारी आणि दिवस मावळण्यापूर्वी घरच्या माणसाला जेवणाच्या पाटावर आणून सोडणारी, ती घरातलीच एक कर्ती असते.

या कर्त्या दुचाकीचे अंतरंग मात्र अलीकडच्या काळात पार बदलले आहे. पूर्वी इंजिनाला पेट्रोल पुरवण्याचे काम कार्ब्युरेटर करीत असे. हवेच्या ओढीने पेट्रोल वर खेचले जाई. त्यात विजेचा संबंध नव्हता. गाडी रुसली, तर चालकच प्लग काढून पुसत असे, जेट फुंकून साफ करीत असे. फ्युएल इंजेक्शनच्या मोटारसायकली आपल्याकडे २००६-०७ च्या सुमारास दिसू लागल्या. हिरो होंडाची ग्लॅमर आणि बजाजची पल्सर २२० ही त्यांतली आरंभीची नावे. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटर नव्या मोटारसायकलींमधून जवळजवळ नाहीसाच झाला.

नव्या व्यवस्थेत टाकीच्या आत एक विद्युत पंप असतो. तो सुमारे ३ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. इंजेक्टर नावाची बारीक झडप काही सहस्रांश सेकंदांपुरती उघडते आणि पेट्रोलचा तुषार आत सोडते. ही झडप केव्हा आणि किती वेळ उघडायची, हे ईसीयू नावाची छोटी पेटी ठरवते. थ्रॉटल किती उघडला, इंजिन किती तापले, आत येणाऱ्या हवेचा दाब किती, शाफ्ट कोणत्या स्थितीत आहे, धुरात प्राणवायू किती उरला, याची वार्ता निरनिराळे सेन्सर तिला क्षणाक्षणाला कळवीत असतात. पेढीवर बसलेल्या मुनिमासारखी ही पेटी आहे. तिला स्वतःला काहीही दिसत नाही. आलेल्या चिठ्ठ्यांवर तिचा सारा हिशेब चालतो. चिठ्ठीच ओली होऊन आली, तर मुनीम हुशार असूनही आकडा चुकतो.

आणि चिठ्ठ्या ओल्या होण्यास नवी मुंबईइतके अनुकूल शहर शोधून सापडणार नाही. नेरूळहून पाम बीच मार्गाने वाशीकडे निघावे. सुमारे १० किलोमीटरचा हा रस्ता खाडीला समांतर जातो. एका हाताला उंच इमारती, दुसऱ्या हाताला कांदळवन. हिवाळ्यात त्यापलीकडच्या चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसते. दृश्य मनोहर, पण तेथून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. ते दुचाकीच्या प्रत्येक सांध्यावर बसते. त्यावर आषाढाचा पाऊस पडला की तांब्याच्या तारेवर हिरवट बुरशीसारखा गंज धरतो. त्यात आपणही भर घालतो. रविवारी दाबाच्या पाण्याने गाडी धुऊन घेतो. ज्या फवाऱ्याने चिखल निघतो, तोच कपलरच्या रबरी कडेतून पाणी आत लोटतो. इमारतींच्या तळघरांत पावसाळाभर दमट हवा कोंडलेली असते. बाजारात गोण्यांच्या शेजारी गाडी लावली, तर उंदीर सीटखाली शिरून तारांचे वेष्टण कुरतडतात.

आमच्या घरची हकीकत येथे सांगणे उपयुक्त ठरेल. पुतण्याची मोटारसायकल चार वर्षांची. गेल्या आषाढात तिला विचित्र खोड लागली. पावसात पंधरा-वीस मिनिटे चालली की इंजिन अडखळू लागे, तबकडीवर पिवळा दिवा लागे आणि गाडी बंद पडे. अर्धा तास उभी राहिली की जणू काही झालेच नाही अशी सुरू होई. एकदा ती ऐन वाशीच्या पुलावर, भर पावसात, रात्री आठ वाजता थांबली. मागून मालवाहू गाड्यांची रांग, बाजूला उभे राहायला हातभर जागा नाही. पुतण्याने दीड-पावणेदोन किलोमीटर गाडी ढकलत टोल नाक्याच्या बाजूला आणली. त्या रात्री घरात कोणाच्याही घशाखाली घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी एका कार्यशाळेत नेली. तेथे संगणकी यंत्र जोडले. यंत्राने तीन दोष दाखवले: थ्रॉटलचा सेन्सर, हवेच्या दाबाचा सेन्सर आणि तापमानाचा सेन्सर. निर्णय झाला की तीनही सेन्सर बदलावे लागतील, आणि तरीही भागले नाही तर ईसीयू. खर्चाचा अंदाज पाच आकडी. गाडी कार्यशाळेत कोरडी उभी असल्यामुळे तेथे ती एकदाही बंद पडली नाही. म्हणजे जो दोष कोणी पाहिलाच नव्हता, त्यासाठी सुटे भाग मागवले जाणार होते.

आम्ही थोडा अवधी मागितला. दोन दिवस मी पुतण्याच्या मागे रेनकोट घालून बसलो आणि खिशात वही ठेवली. नेरूळहून पाम बीचने वाशी, तेथून तुर्भे, ठाणे-बेलापूर रस्त्याने कोपरखैरणे, घणसोली, रबाळे करीत ऐरोली आणि परत. एका बाजूला औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला लोहमार्ग, आणि डोंगरावरून उतरणारे पावसाळी ओहळ, असा तो प्रवास. गाडी केव्हा अडखळली, पाऊस होता की नव्हता, इंजिन किती तापले होते, खड्ड्यातून गेल्यावर की सरळ चालताना, हे मी टिपत गेलो. दोन दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. कोरड्या रस्त्यावर ती कितीही तापली तरी बंद पडत नव्हती. पावसात, आणि तेही हँडल उजवीकडे पूर्ण वळवल्यावर, पिवळा दिवा हमखास लागत होता.

ही वही घेऊन आम्ही तुर्भ्याला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींची उमर कार्ब्युरेटरमध्ये गेलेली. पण अलीकडे त्यांनी स्कॅनर आणि चांगला मल्टिमीटर घेतला होता. वही वाचून ते म्हणाले, “शेठ, तीन सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. तिघांचं मिळून काहीतरी एक बिघडलंय.”

व्यापाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. वर्षअखेरीस तीन खात्यांत सारखाच फरक आला, तर आपण तिन्ही गिऱ्हाइकांना खोटे ठरवीत नाही. रोजमेळातून खतावणी करताना कोठे घसरलो, ते पाहतो. या तीन सेन्सरांची ईसीयूकडे जाणारी परतीची तार सामाईक असते. तिन्ही चुकीचे बोलत असतील, तर आधी ती तार तपासायची.

मिस्त्रींनी काम ज्या क्रमाने केले, तो क्रम प्रत्येक दुचाकीधारकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. सर्वप्रथम बॅटरी. गाडी बंद असताना तिचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा. सेल्फ मारताना तो १० च्या खाली कोसळू नये, कारण तसे झाले की ईसीयू भानावर राहत नाही. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. कमी दिसले तर चार्जिंगचा दोष, फार जास्त दिसले तर रेग्युलेटरचा. आमच्या गाडीत हे सारे आकडे ठीक होते. मग बॅटरीची टोके आणि बॉडी अर्थ घट्ट आहेत का, ते पाहिले. मग फ्यूज आणि रिले. मग किल्ली फिरवून पंपाचा आवाज ऐकला. दोन-तीन सेकंद गुणगुणून तो थांबला, म्हणजे पंपाला वीज मिळत होती. आतापर्यंत एकही भाग सुटा केला नव्हता आणि एक पैसाही खर्च झाला नव्हता.

त्यानंतर त्यांनी नळाचे पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली घेतली. इंजिन चालू ठेवून एकेका कपलरवर, एका वेळी एकाच ठिकाणी, थोडे पाणी शिंपडायचे आणि वाट पाहायची. चौथ्या ठिकाणी, टाकीच्या पुढच्या टोकाखाली, जेथून तारांचा जुडगा हँडलकडे वळतो, तेथे पाणी पडताच इंजिन अडखळले. मल्टिमीटरची एक काडी सेन्सरांच्या परतीच्या तारेला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. जेथे जवळजवळ शून्य दिसायला हवे, तेथे ०.७ व्होल्ट दिसत होते. कपलर उघडला. आतली पितळी पिन हिरवी पडली होती आणि हँडल वळताना ताण पडून तार तिच्या मुळाशी अर्धवट तुटली होती.

उपाय अगदी साधा होता. पिन बदलली, कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतला, आत पाणी रोखणारे ग्रीस भरले, जुडग्याला थोडी ढील दिली आणि पाणी कपलरमध्ये न उतरता खालून ओघळून जाईल अशी तारेची वाटी केली. ईसीयूच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी पैसे लागले. त्यानंतर श्रावण-भाद्रपदात गाडी रोज बाजारात गेली. पिवळा दिवा पुन्हा लागला नाही.

कार्यशाळेतील माणसांविषयी मनात कटुता ठेवण्याचे कारण नाही. दिवसाला वीस गाड्या हातावेगळ्या करायच्या असतील, तर फवाऱ्याची बाटली घेऊन वाट पाहायला कोणाला सवड असणार? शिवाय बदललेल्या भागाचे बिल होते, विचारात घालवलेल्या तासाचे होत नाही. हा सध्याच्या व्यवहाराचा दोष आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून तो थोडाफार आपणच दुरुस्त करू शकतो. मिस्त्रींना “काय बदललंत?” असे विचारण्याऐवजी “काय मोजलंत आणि किती आलं?” असे विचारावे, आणि शोध घेण्याची मजुरी खुशीने द्यावी. आमच्या मिस्त्रींनी मजुरी सांगितली, तेव्हा पुतण्याने घासाघीस केली नाही, याचे मला समाधान वाटले.

आता आपल्या नित्याच्या उपयोगाच्या काही गोष्टी. किल्ली फिरवल्याबरोबर सेल्फ दाबू नये. पंपाची गुणगुण थांबून पिवळा दिवा विझेपर्यंत क्षणभर थांबावे. बरेचदा गाडी सुरू न होण्याचे कारण फारच क्षुल्लक असते: किल स्विच चुकून दबलेला असतो किंवा साइड स्टँडच्या स्विचवर चिखल बसलेला असतो. ओल्या रस्त्यावर गाडी घसरून आडवी झाली असेल, तर अनेक गाड्यांतील कलतेपणाचा सेन्सर पेट्रोल बंद करतो. गाडी सरळ उभी करून किल्ली एकदा बंद करून पुन्हा सुरू केली की बहुधा काम होते. मात्र पेट्रोलचा वास येत असेल, तर सेल्फला हातही लावू नये.

बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर जुन्या गाडीसारखा धक्का मारून उपयोग होईलच असे नाही. पंप आणि इंजेक्टर या दोघांनाही वीज लागते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून “चार्जिंग होते का” हे पाहण्याची जुनी खोड तर सर्वथा सोडावी. त्या झटक्याने ईसीयू खरोखरच जळू शकते. तसेच मोबाइलचा चार्जर किंवा जादा दिवे बसवताना मिळेल ती तार सोलून जोड मारू देऊ नये. स्वतंत्र फ्यूज लावूनच जोडणी करून घ्यावी.

पेट्रोलविषयीही सावध असावे. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीच्या झाकणाभोवती साचलेले पाणी बाहेर जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की पाणी टाकीत उतरते. प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. पावसानंतर गाडी अडखळू लागली आणि वायरिंग निर्दोष निघाले, तर टाकीचा तळ तपासून घ्यावा. टाकी अगदी कोरडी होईपर्यंत चालवणेही बरे नव्हे. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. पंपाच्या नळीत दाब असतो, म्हणून ती घरी उघडण्याचे धाडस कोणी करू नये.

पाणी तुंबलेल्या रस्त्यावर गाडी बंद पडली आणि पाणी एअर फिल्टरपर्यंत चढल्याची शंका आली, तर सेल्फ मारू नये. हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये ओढले गेले तर इंजिनच मोडते. गाडी ढकलत उंच जागी न्यावी आणि मिस्त्रींना बोलवावे. उंदरांचा उपद्रव असेल, तर विषाचा विचार नकोच. गाडी गोण्यांपासून दूर, उजेडात लावावी, सीटखाली खाद्यपदार्थाची पुडी ठेवू नये आणि आठवड्यातून एकदा सीट उघडून पाहावे.

नव्या मुंबईला आता मुंबईशी जोडणारा अटल सेतूही झाला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. लांबी सुमारे २१.८ किलोमीटर. पण त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. पहाटे नमुने घेऊन मुंबईला निघणाऱ्या किंवा रात्री वसुली करून परतणाऱ्या आपल्या मुलांना आजही वाशीचा किंवा ऐरोलीचा पूलच ओलांडावा लागतो, आणि त्या पुलांवर थांबायला जागा नाही. म्हणून मृगाच्या आधी, हवा कोरडी असतानाच, एक दिवस दुचाकीसाठी राखून ठेवावा. बॅटरीचा आकडा मोजून वहीत लिहावा, टाकीखालचे आणि सीटखालचे कपलर उघडून पुसून घ्यावेत, झाकणाचे छिद्र मोकळे करावे. दिवाळीला आपण नव्या वह्या घालतो. पावसाळ्यापूर्वी या एका वहीचीही सुरुवात करावी. तिच्यात रकमा नसतील, पण पुलावरून सुखरूप घरी येणाऱ्याचा हिशेब असेल.